येवल्याची जर ते द्विघटक तंतू : संयुक्त धाग्याच्या इतिहासाचा एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

वस्त्रोद्योगाच्या इतिहासलेखनात माग, गिरणी आणि कामगार यांना मोठे स्थान मिळाले आहे. खुद्द धाग्याच्या अंतरंगाचा इतिहास मात्र बहुधा रसायनशास्त्राचा विषय मानून बाजूला ठेवला गेला. एकाच तंतूत दोन किंवा अधिक बहुवारिके, म्हणजेच पॉलिमर, एकत्र आणून तयार केलेल्या कृत्रिम तंतूंना द्विघटक वा बहुघटक तंतू असे म्हणतात. वरवर पाहता ही कल्पना विसाव्या शतकातील प्रयोगशाळेची वाटते. परंतु भिन्न गुणांच्या द्रव्यांना एका धाग्यात बांधून प्रत्येकाकडून वेगळे काम करवून घेणे, हे तत्त्व नाशिक जिल्ह्याला परके नाही. येवल्याच्या पैठणीतील जर हे त्याचेच जुने उदाहरण होय. घटकांची सांधणी कोठे होते, कोण करते आणि ती पुन्हा उलगडता येते काय, या तीन प्रश्नांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रवासाचा विचार केला आहे.

निसर्गातील द्विघटक तंतू

रेशीम हाच मुळात संयुक्त तंतू आहे. रेशीमकिडा आपल्या दोन ग्रंथींतून फायब्रॉइन या प्रथिनाचे दोन बारीक तंतू सोडतो आणि त्यांभोवती सेरिसिन या चिकट प्रथिनाचे आवरण असते. गाभा बळ देतो, आवरण चिकटवते. विणण्यापूर्वी साबण वा सोड्याच्या गरम पाण्यात रेशमाचा हा डिंक काढला जातो. त्यामुळे सुताचे वजन साधारणपणे एक चतुर्थांशाने घटते आणि चकाकी खुलते. लोकरीच्या तंतूतही दोन भिन्न गुणांचे भाग शेजारी शेजारी असतात. ते ओलाव्याने कमी-अधिक फुगत असल्यामुळे लोकरीला कुरळेपणा येतो, हे होरिओ आणि कोंडो या जपानी संशोधकांनी १९५३ साली दाखवून दिले.

जर : कारागिराने सांधलेला धागा

१८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये येवल्याच्या रेशीम व जर उद्योगाची सविस्तर नोंद आढळते. अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची ठोकून चपटी केलेली तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. रेशीम लवचीकपणा देते, चांदी अंग देते, सोने तेज देते. तिन्ही घटक आपापले काम करतात आणि विणकराच्या हाती मात्र एकच धागा येतो. ही सांधणी तारकशीचे काम करणाऱ्यांच्या हातून होत असे. म्हणजेच धाग्याच्या रचनेचे ज्ञान विणकराच्या गावात, त्याच्या शेजारच्या घरात नांदत होते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही सांधणी उलगडता येई. जीर्ण पैठणी जाळून तिच्यातील सोने-चांदी परत मिळवण्याची रीत आपल्याकडे सर्वश्रुत आहे. पैठणी हे वस्त्र होते, तसेच ते कुटुंबाचे संचितही होते.

टेरिकॉट : गिरणीने सांधलेले सूत

संयुक्त सुताचा दुसरा टप्पा मिश्रणाचा आहे. व्हिन्फिल्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली इंग्लंडमध्ये पॉलिएस्टर तंतू शोधला. महाराष्ट्रात साठच्या दशकात ठाण्याच्या केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या कंपनीचा ‘टेरिन’ तंतू बाजारात आला आणि टेरिन व कापूस यांच्या संयोगातून ‘टेरिकॉट’ हा शब्द घरोघरी पोहोचला. १९८२ साली रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिएस्टर प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला होता. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने नैसर्गिक आणि कृत्रिम तंतूंना समान लेखण्याची भूमिका घेतली. मालेगावच्या यंत्रमागांवर सुती कापडासोबत पॉलिएस्टरमिश्रित कापड विणले जाऊ लागले, ते या बदलत्या पार्श्वभूमीवर. येथे प्रत्येक तंतू स्वतंत्रच राहतो, फक्त सूत मिश्र होते. सांधणीची जागा कारागिराच्या घरातून गिरणीच्या कताई खात्यात गेली.

द्विघटक तंतू : छिद्रातच झालेली सांधणी

तिसऱ्या टप्प्यात सांधणी तंतूच्या जन्मक्षणीच होते. दोन बहुवारिके वेगवेगळी वितळवून एकाच सूक्ष्म छिद्रातून एकत्र बाहेर काढली जातात. ती शेजारी शेजारी ठेवली तर लोकरीसारखा कुरळेपणा येतो. अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीने पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ‘ऑर्लॉन सायेल’ हा ॲक्रिलिक तंतू याच तत्त्वावर आणला. एकाभोवती दुसऱ्याचे आवरण दिले तर आणखी वेगळा उपयोग होतो. सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या पॉलिएथिलीनचे आवरण आणि सुमारे २६० अंशांपर्यंत टिकणाऱ्या पॉलिएस्टरचा गाभा असेल, तर मधल्या तापमानाला आवरण वितळून तंतू एकमेकांना चिकटतात, गाभा शाबूत राहतो आणि न विणताच कापड तयार होते. रेशीमकिड्याच्या गाभा-आवरण रचनेचेच हे औद्योगिक रूप म्हणता येईल.

जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी एका बहुवारिकाच्या ‘समुद्रात’ दुसऱ्याची असंख्य ‘बेटे’ असलेला तंतू घडवला. समुद्र विरघळवून टाकला की अतिसूक्ष्म तंतू उरतात. १९७० साली बाजारात आलेले ‘अल्ट्रास्वेड’ हे कृत्रिम मखमली चामडे त्यातूनच निर्माण झाले. रेशमाचा डिंक काढणाऱ्या कारागिराला ही प्रक्रिया समजावून सांगण्यास फार शब्द लागणार नाहीत.

परिणामांची चिकित्सा

आज बाजारात अस्सल जरीसोबत तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा दिलेली जर आणि धातूचा लेप दिलेल्या पॉलिएस्टर फिल्मच्या बारीक पट्ट्यांपासून केलेली जरही मिळते. हिला काटेकोर अर्थाने द्विघटक तंतू म्हणता येणार नाही; तथापि ती त्याच औद्योगिक विचाराची अपत्य आहे. तिला हीन लेखणे योग्य नव्हे. ती वजनाने हलकी व स्वस्त आहे, आणि तिच्यामुळेच जरीकाठाची हौस सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. प्रश्न आहे तो ओळखीचा. नव्या कोऱ्या साडीत या तिन्ही जरी नुसत्या नजरेने वेगळ्या ओळखणे ग्राहकाला कठीण जाते. २००४ साली सुरू झालेले ‘सिल्क मार्क’ हे चिन्ह रेशमाच्या शुद्धतेची ग्वाही देते. जरीच्या घटकांची ग्वाही हा त्याचा विषय नव्हे. परिणामी महिनोन्‌महिने मागावर बसून अस्सल जर विणणाऱ्याचे श्रम आणि प्लॅस्टिकची जर वापरून झटपट निघणारी नक्कल दुकानाच्या काचेआड एकसारखीच दिसते.

दुसरा प्रश्न उलगडण्याचा आहे. जुनी जर जाळली की धातू हाती येई. टेरिकॉटमधील कापूस आम्लाने नष्ट करून पॉलिएस्टर वेगळे करता येते. परंतु एकाच तंतूत एकजीव झालेली दोन बहुवारिके व्यवहारात वेगळी करणे अवघड असते, आणि मिश्र कचऱ्यापासून मूळ दर्जाचा तंतू पुन्हा घडवणे त्याहूनही अवघड असते. सांधणी जितकी सूक्ष्म होत गेली, तितकी वस्तू उपयुक्त झाली. आणि तितकीच ती माघारी आणणे दुरापास्त झाले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते, की संयुक्त धाग्याची कल्पना नवी नसून सांधणीचे स्थान नवे आहे. ते शेजारच्या घरातून गिरणीत आणि गिरणीतून वितळलेल्या द्रवाच्या छिद्रात सरकले. त्यासोबत धाग्याविषयीचे ज्ञान विणकरापासून दूर गेले, त्याच्या हाती केवळ तयार रीळ उरले. साडीवर रेशमाप्रमाणेच जरीचे घटकही स्पष्टपणे नोंदवले जाणे, हा या दुराव्यावरचा किमान उपाय होय. आपल्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्र आणि इतिहास या विभागांनी येवला-मालेगावच्या धाग्यांचा एकत्रित अभ्यास हाती घेतल्यास विणकराचे गमावलेले ज्ञान काही अंशी त्याच्याकडे परत जाऊ शकेल. आपण काय विणतो आहोत हे जाणण्याचा पहिला अधिकार विणकराचाच आहे.