हौशी डिजिटल छायाचित्रण

हौशी डिजिटल छायाचित्रण म्हणजे उपजीविकेसाठी नव्हे, तर आनंदासाठी आणि स्मरणासाठी डिजिटल कॅमेऱ्याने अथवा मोबाइल फोनने छायाचित्रे टिपण्याचा छंद होय. हा छंद जोपासणारे बहुतेक जण नोकरी, व्यवसाय किंवा शिक्षण सांभाळून शनिवार-रविवारच्या सहलींत छायाचित्रे काढतात. महाराष्ट्रात गडकिल्ले, धरणांचे जलाशय, सह्याद्रीतील सडे, लेणी आणि जुन्या पेठा ही अशा सहलींची नेहमीची ठिकाणे आहेत. फिल्मच्या काळात प्रत्येक छायाचित्रामागे खर्च होता. डिजिटल तंत्राने तो जवळजवळ नाहीसा केला. त्यामुळे चित्रे काढणे सोपे झाले; मात्र त्यांतून निवड करणे, ती जतन करणे आणि चित्रविषयाला इजा न पोहोचविणे या गोष्टींना अधिक महत्त्व आले.

इतिहास

१९ ऑगस्ट १८३९ रोजी फ्रान्समध्ये डागेरोटाइप तंत्र जगासाठी खुले करण्यात आले. त्या घटनेच्या स्मरणार्थ हा दिवस जागतिक छायाचित्रण दिन म्हणून पाळला जातो. पुढील काही वर्षांतच कॅमेरा भारतात पोहोचला. १८५४ साली मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेशी संबंधित असलेले आरंभीचे भारतीय छायाचित्रकार होत.

हा छंद सामान्यांच्या आवाक्यात येण्यास जॉर्ज ईस्टमन यांचा १८८८ सालचा कोडॅक कॅमेरा कारणीभूत ठरला. त्यात शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे आणि ती संपल्यावर कॅमेराच कारखान्याकडे पाठवावा लागे. भारतात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘आग्फा क्लिक-३’ हा साधा पेटीवजा कॅमेरा अनेक मध्यमवर्गीय घरांत होता. त्याच्या एका रोलमध्ये १२ चित्रे निघत. पुढे ३५ मिलिमीटर फिल्मच्या रोलमध्ये ३६ चित्रांची सोय झाली. रोल धुऊन येईपर्यंत चित्र कसे आले आहे हे कळण्याचा मार्ग नसे.

डिजिटल छायाचित्रणाचा पाया १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी शोधलेल्या सीसीडी या प्रकाशसंवेदी घटकाने घातला. या शोधासाठी त्यांना २००९ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅकमधील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलोग्रॅम होते, चित्र केवळ ०.०१ मेगापिक्सेलचे होते आणि ते कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. २००३ साली आलेला कॅनन ईओएस ३००डी हा एक हजार अमेरिकन डॉलरपेक्षा कमी किमतीत मिळणारा पहिला डिजिटल एसएलआर कॅमेरा होता. त्यानंतर हौशी लोक मोठ्या प्रमाणावर या तंत्राकडे वळले. स्मार्टफोनमुळे कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला.

तंत्र

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी संवेदक असतो. त्यावरील लक्षावधी बिंदू केवळ प्रकाशाची तीव्रता मोजतात. रंग ओळखत नाहीत. यासाठी बहुतेक कॅमेऱ्यांत ब्राइस बेयर यांनी १९७० च्या दशकात सुचविलेली रंगगाळणी वापरतात. तिच्यात निम्मे बिंदू हिरव्या रंगाचे, तर तांबड्या व निळ्या रंगाचे प्रत्येकी पाव भाग असतात. उरलेल्या रंगांचा अंदाज कॅमेरा शेजारच्या बिंदूंवरून बांधतो.

चित्राचा उजळपणा तीन गोष्टींवर ठरतो.

ॲपर्चर: भिंगातील, म्हणजे लेन्समधील, प्रकाश येण्याचे छिद्र. एफ/२.८ हे मोठे, तर एफ/१६ हे लहान छिद्र होय. छिद्र मोठे असल्यास मुख्य विषय स्पष्ट आणि पार्श्वभूमी धूसर होते. लहान असल्यास जवळच्या दगडापासून दूरच्या डोंगरापर्यंत सर्व स्पष्ट दिसते.

शटरचा वेग: संवेदकावर प्रकाश पडण्याचा काळ. उडत्या पक्ष्यासाठी १/१००० सेकंद किंवा त्याहून कमी काळ लागतो. धबधब्याचे पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून अर्धा ते दोन सेकंदांचा काळ ठेवतात व त्यासाठी तिपाई, म्हणजे ट्रायपॉड, वापरतात.

आयएसओ: संवेदकाकडून आलेल्या संकेताचे वर्धन. ते वाढविल्यास अंधुक प्रकाशातही चित्र निघते, परंतु त्यात रवाळपणा येतो.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून हिशेब करतो. त्यामुळे धुके, पांढरी फुले किंवा बगळे काळपट येतात. अशा वेळी उजळपणा एक टप्पा वाढवावा लागतो. याउलट काळ्या पाषाणातील शिल्प उगाच फिके येऊ नये म्हणून उजळपणा कमी करतात.

चित्र जेपीईजी किंवा रॉ या स्वरूपात साठविता येते. जेपीईजीमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा नोंदल्या जातात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पातळ्यांची नोंद होऊ शकते. म्हणूनच अतिउजळ आकाश किंवा गडद सावली संगणकावर सुधारण्यास रॉ फाइल अधिक उपयोगी पडते.

ऋतू आणि ठिकाणे

सूर्योदयानंतरचा व सूर्यास्तापूर्वीचा सुमारे तासाभराचा काळ छायाचित्रणास अनुकूल मानला जातो. त्या वेळी प्रकाश तिरपा व उबदार रंगाचा असतो आणि डोंगराच्या घड्या, तटबंदीचे दगड व शिल्पांची खोली उठून दिसते. भर दुपारी सावल्या गडद व आखूड पडतात. या कारणाने अनेक हौशी छायाचित्रकार मुक्कामाची सहल पसंत करतात.

कास पठार: साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेले हे पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक आहे. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत येथे तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे इत्यादी फुले येतात. यांतील काही फुले अवघ्या काही मिलिमीटरची असल्याने निकटचित्रणाची, म्हणजे मॅक्रो, लेन्स लागते. थोडा वाराही फूल हलवितो. म्हणून पहाटेची वेळ सोयीची ठरते.

भिगवण: पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी हे गाव आहे. हिवाळ्यात येथे रोहित, चक्रवाक, पट्टकदंब, चित्रबलाक इत्यादी पक्षी दिसतात. कुंभारगाव व डिकसळ परिसरातील स्थानिक मच्छीमार होडीतून पक्षी दाखवितात. होडी हलत असल्यामुळे तिपाईचा उपयोग होत नाही. मात्र पाण्याच्या पातळीवरून, पक्ष्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून चित्र घेता येते.

भंडारदरा व पुरुषवाडी: अकोले तालुक्यातील या भागात मेअखेरपासून पावसाचा जोर वाढेपर्यंत काजव्यांचे थवे दिसतात. कॅमेरा तिपाईवर ठेवून २० ते ३० सेकंदांची अनेक चित्रे घेतात व ती नंतर एकत्र जोडतात.

हरिश्चंद्रगड: येथील कोकणकड्यावर पावसाळ्याच्या सुमारास इंद्रवज्र हे वर्तुळाकार इंद्रधनुष्यासारखे दृश्य क्वचित दिसते. पाहणाऱ्याच्या पाठीशी सूर्य आणि समोर खाली धुके असावे लागते. कडा पश्चिमाभिमुख असल्याने त्यासाठी सकाळची वेळ योग्य असते.

शहरी सहली: पुण्याच्या पेठांतील वाडे, मुंबईतील फोर्ट व गिरगाव परिसरातील चाळी, तसेच आठवडी बाजार हे अल्पखर्चाचे विषय आहेत. त्यांसाठी ३५ किंवा ५० मिलिमीटरची लहान लेन्स अथवा फोन पुरेसा होतो.

पावसाळ्यातील काळजी

महाराष्ट्रातील दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी वाढणे ही नेहमीची अडचण आहे. वापर नसताना कॅमेरा चामड्याच्या बंद पिशवीत न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवतात. वातानुकूलित गाडीतून एकदम बाहेर काढल्यास लेन्सवर बाष्प जमते. त्यामुळे कॅमेरा काही वेळ पिशवीतच राहू देतात. ओला झालेला कॅमेरा चालू न करता बॅटरी काढून सुकविणे हितावह असते.

आचारसंहिता आणि कायदा

प्रसिद्ध ठिकाणी होणारी गर्दी ही या छंदाची सर्वांत गंभीर बाजू आहे. कासच्या जांभ्या खडकावर मातीचा थर अत्यंत पातळ असतो. एका फुलाचे चित्र घेण्यासाठी टेकलेल्या गुडघ्याखाली त्याच जातीची अनेक रोपे चिरडली जाऊ शकतात. तेथे प्रवेशशुल्क व पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आहे. काजव्यांचे लुकलुकणे हा जोडीदारास दिलेला संकेत असतो. विजेरी, फ्लॅश व गाड्यांच्या दिव्यांमुळे त्यात व्यत्यय येतो. उजनीच्या पाण्यात ‘उडतानाचे चित्र’ मिळावे म्हणून होडी थेट थव्यात घातल्यास स्थलांतर करून आलेल्या पक्ष्यांना चारा टिपण्याचे सोडून उडावे लागते आणि त्यांची शक्ती वाया जाते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत संरक्षित पक्ष्यांची अंडी व घरटी विस्कळीत करण्याचाही समावेश आहे. म्हणून चित्र स्पष्ट यावे यासाठी घरट्यापुढील फांद्या तोडणे किंवा पाने बाजूस बांधणे सर्वथा टाळावे. त्यामुळे पिले शिकारी पक्ष्यांच्या नजरेस पडतात. दुर्मीळ जातींची चित्रे प्रसिद्ध करताना फाइलमध्ये आपोआप नोंदले गेलेले स्थाननिर्देशांक काढून टाकण्याचा संकेत जाणकार पाळतात.

लेण्यांतील रंगचित्रांना प्रकाशाने हानी पोहोचत असल्याने अजिंठ्यासारख्या ठिकाणी फ्लॅश वापरता येत नाही. संरक्षित स्मारकांत तिपाईसाठी पूर्वपरवानगी लागते. ड्रोन नियम, २०२१ नुसार हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे व तांबडे विभाग केलेले असून तांबड्या विभागात केंद्र शासनाच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. व्यक्तींचे, विशेषतः लहान मुलांचे, चित्र घेण्यापूर्वी विचारणे आणि कबूल केलेले चित्र त्यांना पाठविणे हे सौजन्याचे मानले जाते.

प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार स्वतःच्या हौसेने काढलेल्या चित्राचा प्रथम मालक ते काढणारी व्यक्ती असते. हा अधिकार त्या व्यक्तीच्या हयातीत व तिच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो.

निवड आणि जतन

एका दिवसाच्या सहलीत पाचशे चित्रे सहज निघतात. ती सर्व राखल्यास पुढे एकही पाहिले जात नाही, असा अनेकांचा अनुभव आहे. म्हणून परतल्यावर अस्पष्ट व पुनरावृत्त चित्रे काढून टाकून दहा-वीस निवडण्याची पद्धत रूढ आहे. निवडलेल्या चित्रांच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर ठेवावी, असा नियम सांगितला जातो. मेमरी कार्ड हे दीर्घकालीन साठवणुकीचे साधन नव्हे. निवडक चित्रे कागदावर छापून घेतल्यास संगणक बिघडल्यावरही ती टिकतात.

चित्राखाली स्थळ, दिनांक आणि विषय यांची नोंद करणे तितकेच आवश्यक आहे. दिनांक कॅमेरा नोंदवितो. परंतु वाडा कोणत्या पेठेतील, वीरगळ कोणत्या गावच्या देवळापुढील, हे छायाचित्रकारालाच लिहावे लागते.

दस्तऐवज म्हणून महत्त्व

वाडे पाडून इमारती उभ्या राहतात, वीरगळ हलविले जातात, तटबंदी ढासळते. अशा गोष्टींचे अखेरचे चित्र पुष्कळदा एखाद्या हौशी व्यक्तीकडेच असते. विकिमीडिया कॉमन्स या प्रकल्पावर कोणालाही आपली चित्रे मुक्त परवान्याखाली चढविता येतात. २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेली ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ ही स्मारकांच्या छायाचित्रांची स्पर्धा त्याच उद्देशाने भरविली जाते. पक्षिनिरीक्षकांची दिनांक व स्थळासह नोंदलेली चित्रे पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासात पुरावा म्हणून उपयोगी पडतात. कलात्मक दृष्ट्या साधारण असलेले चित्रही योग्य नोंदीमुळे कालांतराने मौल्यवान ठरू शकते.

हे सुद्धा पहा

छायाचित्रण
कास पठार
उजनी धरण
पक्षिनिरीक्षण
गिर्यारोहण