कारखान्यातील नवी हिशेबपद्धती आणि कामगाराचा होकार

कारखान्यात नवे यंत्र आले म्हणजे त्याला हार घालतात, नारळ फोडतात. नवी पद्धती मात्र गाजावाजा न होता येते. कच्चा माल, उत्पादन, साठा, विक्री आणि हिशेब यांना एका सूत्रात ओवणारे सॉफ्टवेअर आज लहान कारखान्यांतही येऊ लागले आहे. ते विकत घेणे हा पैशाचा प्रश्न. ते चालणे हा माणसांच्या होकाराचा प्रश्न होय. हा होकार कसा मिळतो आणि कशाने हुकतो, याची साक्ष संगणकाच्याही पूर्वीचा इतिहास देतो.

अमेरिकेत बॉस्टनजवळ वॉटरटाउन येथे सरकारी शस्त्रागार होते. फ्रेडरिक टेलर याच्या शास्त्रीय व्यवस्थापनाचा प्रयोग तेथे चालू होता. ऑगस्ट १९११ मध्ये ओतशाळेतील साचेकारांच्या कामाची वेळ घड्याळ लावून मोजण्यास सुरुवात होताच एकाने मोजून घेण्यास नकार दिला. त्याला कामावरून काढले, आणि त्याचे सोबती बाहेर पडले. जादा कामाला जादा पैसे मिळणार होते, तरीही हे घडले. कारण दुखावले गेले होते ते त्यांचे कारागीरपण. आठवड्याभरात ते कामावर परतले खरे, पण प्रकरण संसदेपर्यंत गेले. १९१५ साली लष्करी खर्चाच्या विधेयकात अशा घड्याळी मोजणीस मनाई करणारे कलम घातले गेले आणि ही मनाई १९४९ पर्यंत टिकली.

आपल्या मुंबईनेही असाच अनुभव घेतला आहे. १९२८ साली गिरणीमालकांच्या नव्या योजनेप्रमाणे विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावयाचे होते. माणसे कमी होणार ही भीती घरोघर शिरली. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. फॉसेट समितीकडून चौकशी करण्याचे ठरल्यावरच गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले.

हे नकार उघड होते. पुढे संगणक आला आणि नकाराचे रूप पालटले. १९६० नंतरच्या दशकात जोसेफ ऑर्लिकी, ऑलिव्हर वाइट आदी तज्ज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने मालाची गरज ठरविण्याची पद्धती अमेरिकेत रुजविली. शंभर पंप करावयाचे, प्रत्येकास आठ बोल्ट लागतात, म्हणजे आठशे हवेत. गोदामात सहाशे आहेत, तर दोनशे मागवा. गणित सोपे आहे. पण ते सहाशे प्रत्यक्षात साठच असतील तर? संगणकाचा हिशेब बिनचूक राहील आणि कारखाना बंद पडेल! म्हणजे सारी इमारत गोदामातल्या माणसाने केलेल्या एका नोंदीवर उभी. वाइट यांनी हे नेमके ओळखले होते. माणसे पहिल्या महत्त्वाची, माहिती दुसऱ्या आणि संगणक तिसऱ्या, असा क्रम ते लावीत.

हा गोदामातला माणूस संप करीत नाही. तो नोंद उद्यावर टाकतो, किंवा खरी वही खणात ठेवून दुसरी माहिती पडद्यावर भरतो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. परंतु कोणता माल कोठे पडला आहे हे एकट्याला ठाऊक असणे, हीच त्याची आजवरची पत होती. ती यंत्राच्या स्वाधीन केल्यावर आपले काय राहणार, या त्याच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेले नसते.

घाईही तितकीच घातक. हर्शे या अमेरिकन चॉकलेट कंपनीने अकरा कोटी डॉलरांहून अधिक खर्चून तीन सॉफ्टवेअरे एकदम बसविली. चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकले आणि नेमका सणासुदीच्या मागणीचा हंगाम तोंडावर असताना, जुलै १९९९ मध्ये, ती सुरू केली. माल गोदामात आणि दुकाने रिकामी, असा प्रसंग ओढवला. त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. याच कंपनीने २००२ साली पुरेशा चाचण्या घेऊन नवी आवृत्ती आणली, तेव्हा काम सुरळीत पार पडले.

फ्रेड डेव्हिस या संशोधकाने १९८९ साली या होकाराचे शास्त्र मांडले. माणूस नवे साधन पत्करतो ते दोन गोष्टी मनाशी तोलून: याने माझे काम सुधारेल काय, आणि हे मला सहज वापरता येईल काय? त्यात इतिहासाने आणखी एका प्रश्नाची भर घातली आहे: याने माझी भाकरी आणि माझा मान राहील काय?

म्हणून ज्या उद्योजकाला हे सॉफ्टवेअर आणावयाचे आहे, त्याने विक्रेत्याशी करार करण्यापूर्वी गोदामपालाला, फोरमनला आणि पाळीवरच्या कामगाराला बोलवावे, त्यांच्या अडचणी ऐकाव्यात, नोकरीविषयीचा शब्द स्पष्ट द्यावा आणि शिकण्यास पुरता अवसर द्यावा. वॉटरटाउनच्या साचेकारांना आणि गिरणगावच्या विणकरांना असे वेळीच विचारले गेले असते, तर दोन्हीकडची कितीतरी झीज टळली असती.