गुरूंची नावे नसलेले स्मारक

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये घुमटाजवळ एका न्यायाधीशाचा संगमरवरी पुतळा उभा आहे. त्याच्या हाताखाली ग्रंथ आहेत ते मनुस्मृतीचे. आणि चौथऱ्यावरील शिल्पात कूर्मावतार कोरलेला आहे. ख्रिस्ती उपासनामंदिरात हिंदू पुराणकथेला स्थान मिळवून देणारा हा न्यायाधीश म्हणजे सर विल्यम जोन्स. ईस्ट इंडिया कंपनीच्या खर्चाने शिल्पकार जॉन बेकन याने हे स्मारक १७९९ मध्ये घडविले.

जोन्स १७८३ मध्ये कोलकात्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून आला. दुसऱ्याच वर्षी, १५ जानेवारी १७८४ रोजी, त्याने एशियाटिक सोसायटीची स्थापना केली. वारसा, विवाह यांसारख्या बाबतींत हिंदूंचे तंटे शास्त्राधारे सोडवावयाचे, असा कंपनीचा दंडक होता. परंतु शास्त्र सांगणार पंडित, आणि न्याय देणार संस्कृत न जाणणारा इंग्रज! पंडितांच्या शब्दावर विसंबून निकाल देणे जोन्सला मानवेना. संस्कृतकडे तो वळला तो प्रेमाने नव्हे, अविश्वासाने.

शिकता शिकता मात्र त्या अविश्वासाचे आदरात रूपांतर झाले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ उगमातून निघाल्या असाव्यात, हा विचार त्याने १७८६ मध्ये सोसायटीपुढे मांडला. १७८९ मध्ये त्याने केलेला शाकुंतलाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि कालिदास युरोपला परिचित झाला. मनुस्मृतीचा अनुवाद १७९४ मध्ये निघाला; त्याच वर्षी २७ एप्रिल रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, जोन्सने कोलकात्यातच देह ठेवला.

या कार्याला दुसरीही बाजू आहे. प्रदेशपरत्वे आणि रूढीपरत्वे बदलणारा धर्मशास्त्राचा व्यवहार छापील ग्रंथात बांधला गेला आणि न्यायालयांत ग्रंथाचे वजन वाढले. शिवाय हे श्रम एकट्याचे नव्हते. जोन्सला संस्कृत शिकविले ते नदियाच्या रामलोचन या वैद्य पंडिताने. त्याने योजलेला हिंदू कायद्याचा संग्रह वृद्ध जगन्नाथ तर्कपंचानन यांनी सिद्ध केला. जोन्सच्या पश्चात कोलब्रुकने त्याचे भाषांतर केले. लंडनच्या स्मारकाने मात्र एकट्या जोन्सचा गौरव केला. एशियाटिक सोसायटीचे सभासदत्वही भारतीयांना १८२९ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर ४५ वर्षांनी, खुले झाले.

म्हणून जोन्सचे मोठेपण उणे होत नाही. उच्चासनावर बसलेल्या माणसाने चाळिशीच्या उंबरठ्यावर परक्या भाषेची मुळाक्षरे गिरवावीत, ही गोष्ट लहान नव्हे. पण दगडावर शिष्याचे नाव राहते आणि गुरूचे पुसले जाते, हेही त्या स्मारकापुढे आठवले पाहिजे. साठ वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या शाळेला हे निराळे सांगावयास नको. तिच्या नामवंत विद्यार्थ्यांची यादी करणे सोपे. त्यांचा हात धरून पहिले अक्षर गिरवून घेणाऱ्यांची नावे जपणे, हेच खरे स्मारक.