चार्ल्स कुरॉल्ट
चार्ल्स बिशप कुरॉल्ट (१० सप्टेंबर, १९३४ – ४ जुलै, १९९७) हे अमेरिकन दूरचित्रवाणी पत्रकार, निवेदक व लेखक होते. सीबीएस वाहिनीवरील 'ऑन द रोड' ही वृत्तकथामाला आणि 'संडे मॉर्निंग' हा साप्ताहिक कार्यक्रम यांसाठी ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

कुरॉल्ट यांचा जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विल्मिंग्टन येथे झाला. त्यांचे वडील समाजकल्याण विभागात अधिकारी, तर आई शिक्षिका होती. शार्लट येथे शालेय शिक्षण घेत असतानाच त्यांनी नभोवाणीवर निवेदनाचे काम केले. चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ते 'डेली टार हील' या विद्यार्थी-दैनिकाचे संपादक होते. त्यानंतर 'शार्लट न्यूज' या दैनिकात त्यांनी सामान्य माणसांविषयीचे सदर लिहिले. या लेखनासाठी १९५६ साली त्यांना एर्नी पाइल स्मृती पुरस्कार मिळाला.

कारकीर्द

१९५७ साली ते सीबीएसमध्ये वृत्तलेखक म्हणून रुजू झाले व अल्पावधीतच वार्ताहर झाले. लॅटिन अमेरिका व व्हिएतनाम युद्ध यांचे वार्तांकन त्यांनी केले. मात्र चढाओढीच्या दैनंदिन बातमीदारीत त्यांचे मन रमले नाही.

ऑन द रोड

महामार्ग टाळून आडरस्त्यांनी देशभर फिरावे आणि वाटेत भेटणाऱ्या माणसांच्या कथा सांगाव्यात, ही कल्पना त्यांनी वरिष्ठांपुढे मांडली. तीन महिन्यांच्या प्रायोगिक तत्त्वावर तिला मान्यता मिळाली. ऑक्टोबर १९६७ मध्ये न्यू इंग्लंडमधील पानगळीच्या रंगांवरील वृत्तकथेने मालेचा प्रारंभ झाला. वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या सायंकालीन बातमीपत्रात युद्ध व दंगलींच्या बातम्यांनंतर या कथा दाखवल्या जात. छायाचित्रकार व ध्वनिमुद्रक यांच्यासह कुरॉल्ट निवासी मोटारीतून प्रवास करीत. या प्रवासात अशा सहा गाड्या वापरल्या गेल्या. शेवटची गाडी मिशिगनमधील डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयात जतन केलेली आहे.

या मालेतील एक उल्लेखनीय कथा विन्स्टन-सेलम येथील जॉर्ज ब्लॅक या वयोवृद्ध कृष्णवर्णीय वीटकारागिराची होती. ती प्रक्षेपित झाल्यानंतर १९७१ साली, नव्वदी ओलांडलेल्या ब्लॅक यांना हाताने विटा पाडण्याचे प्रशिक्षण देण्यासाठी गयाना देशात पाठविण्यात आले.

संडे मॉर्निंग

२८ जानेवारी, १९७९ रोजी सुरू झालेल्या 'संडे मॉर्निंग'चे कुरॉल्ट पहिले निवेदक होते. कला, संगीत व लोकजीवन यांना वाहिलेल्या या संथ लयीच्या कार्यक्रमाचा शेवट निसर्गदृश्याने होत असे. ३ एप्रिल, १९९४ रोजी ते निवृत्त झाले. त्यांच्यानंतर चार्ल्स ऑसगुड यांनी ही जबाबदारी सांभाळली.

पुरस्कार व ग्रंथलेखन

'ऑन द रोड'साठी त्यांना पीबडी पुरस्कार आणि अनेक एमी पुरस्कार मिळाले. 'टू द टॉप ऑफ द वर्ल्ड' (१९६८), 'अ लाइफ ऑन द रोड' (१९९०) व 'चार्ल्स कुरॉल्ट्स अमेरिका' (१९९५) हे त्यांचे काही ग्रंथ होत.

मृत्यू व मृत्युपत्राचा वाद

४ जुलै, १९९७ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. चॅपल हिल येथे त्यांचे दफन करण्यात आले.

मृत्यूनंतर त्यांचे एका महिलेशी सुमारे तीन दशके गुप्त संबंध असल्याचे उघड झाले. निधनाच्या सुमारे दोन आठवडे आधी, १८ जून रोजी, त्यांनी तिला स्वहस्ते पत्र लिहून मोन्टाना राज्यातील आपली जमीन तिला मिळावी, अशी इच्छा व्यक्त केली होती. १९९४ सालच्या रीतसर मृत्युपत्रात मात्र तिचा उल्लेख नव्हता. हे पत्र केवळ भावी मृत्युपत्राचे आश्वासन आहे की स्वतःच मृत्युपत्राची पुरवणी आहे, हा वादाचा मुद्दा होता. २००० साली मोन्टानाच्या सर्वोच्च न्यायालयाने पत्र वैध पुरवणी ठरवून महिलेच्या बाजूने निकाल दिला. हस्तलिखित मृत्युपत्रांच्या संदर्भात हा खटला अमेरिकेतील विधी अभ्यासक्रमांत शिकवला जातो.

वारसा

२०११ साली स्टीव्ह हार्टमन यांनी सीबीएसवर 'ऑन द रोड' ही माला त्याच नावाने पुन्हा सुरू केली. 'संडे मॉर्निंग' हा कार्यक्रमही कुरॉल्ट यांच्या निवृत्तीनंतर अनेक वर्षे चालू राहिला.