रंगाचा पाक आणि रसाचा पाक



आजच्या विषयाची सुरुवात खानदेशापासून फार लांब, क्यूबा आणि मध्य अमेरिकेतल्या तंबाखूच्या गोदामात होते. तिथून आपल्याला रावेर-यावलच्या केळीबागेत आणि नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर यायचे आहे. वाटेत न्यायशास्त्राचा एक छोटा मुक्कामही आहे. आमचा पेशाच तो, त्याला इलाज नाही.

सिगारला तीन थर असतात. आत भरलेली पाने, त्यांना बांधून ठेवणारे पान, आणि सर्वांत बाहेर दिसणारे वेष्टनाचे पान. हे वेष्टन गडद, काळपट तपकिरी असले की त्या सिगारला 'मादुरो' म्हणतात. स्पॅनिशमध्ये मादुरो म्हणजे पिकलेले. गंमत अशी की त्याच मुलखात पिकलेल्या केळ्यालाही मादुरोच म्हणतात. म्हणजे आमच्या जळगावच्या केळ्याचे आणि त्या सिगारचे नाते निदान शब्दात तरी आहे.

खरे मादुरो पान तयार व्हायला वेळ लागतो. त्यासाठी जाड पाने निवडतात. त्यांचे मोठे ढीग रचतात. ढीग आतून आपोआप तापतो. तो ठरावीक उष्णतेला पोचला की मोडायचा, पाने खालीवर करायची आणि पुन्हा रचायचा. असे महिनोन् महिने चालते. या आंबण्यात पानाचा उग्रपणा कमी होतो, वास बदलतो आणि रंग गडद होत जातो. रंग हा त्या साऱ्या खटाटोपाचा शेवटचा, डोळ्यांना दिसणारा परिणाम.

आता गिऱ्हाईक काय पाहते? त्याला ढीग दिसत नाही, महिने दिसत नाहीत. दिसतो तो रंग. गडद म्हणजे मुरलेले, एवढे त्याला ठाऊक. मग कोणीतरी विचार केला की महिने कशाला घालवा, रंगच देऊ या. कोणी पाने वाफेवर शिजवली, कोणी तंबाखूच्या देठांचा काढा लावला, कोणी सरळ रंग फासला. ओळखायची युक्ती म्हणून ओले पांढरे फडके पानावर घासून बघतात. पण खऱ्या, तेलकट पानाचाही थोडा डाग फडक्याला लागतो, म्हणजे ही परीक्षासुद्धा पक्की नाही.

याच धंद्यातली दुसरी गोष्ट ऐका. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला हिरवट वेष्टन आवडायचे. तेव्हा पान झटपट उष्णता देऊन वाळवत, म्हणजे त्यातला हिरवेपणा टिकून राही. पुढे आवड बदलली, गडद पानाला मागणी आली. डोळा जे मागेल ते पानाने व्हायचे.

आता खानदेशात येऊ.

जळगाव जिल्ह्यात केळी म्हणजे नुसते पीक नव्हे, तो संसार आहे. तापीकाठची काळी जमीन, विहिरींचे पाणी, जूनमधला मृगबाग आणि पावसाळ्यानंतरचा कांदेबाग. 1860च्या दशकात भुसावळपर्यंत रेल्वे आली आणि पुढे केव्हातरी या केळ्यांना दूरची बाजारपेठ दिसली. सावदा, रावेर, निंभोरा या स्टेशनांवरून वॅगनी भरून केळी दिल्लीकडे जाऊ लागली. 2016मध्ये जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण दूरच्या बाजारपेठेची एक अट असते. घड हिरवाच कापावा लागतो. पिकलेले केळे प्रवास करू शकत नाही. म्हणजे पिकवण्याचे काम शेतकऱ्याच्या हातातून गेले, ते व्यापाऱ्याच्या खोलीत, शेकडो मैलांवर होऊ लागले. जो पिकवतो तो पेरत नाही, जो पेरतो त्याला पिकलेले दिसत नाही. आजच्या गोष्टीचे मूळ या अंतरात आहे.

पिकवण्याची जुनी रीत साधी होती. बंद खोलीत घड रचायचे, कोपऱ्यात गोवऱ्यांची धुरी द्यायची, दार लिंपून घ्यायचे. घराघरांत आंब्याची आढी घालतात, त्याचाच हा मोठा भाऊ. लोक समजत की उबेने पिकते. खरे कारण कळायला विसावे शतक उजाडले. सेंट पीटर्सबर्गला नेल्युबोव्ह नावाच्या संशोधकाने 1901मध्ये दाखवले की दिव्याच्या गॅसमधला इथिलीन हा घटक वाटाण्याच्या रोपांची वाढ बिघडवतो. त्या काळी कॅलिफोर्नियात लिंबे पिवळी करायला खोलीत रॉकेलच्या शेगड्या ठेवत. 1924मध्ये डेनी या शास्त्रज्ञाने सिद्ध केले की हे काम शेगडीच्या उबेचे नसून धुरातल्या इथिलीनचे आहे. आणि 1934मध्ये इंग्लंडात गेन यांनी दाखवले की पिकणारे फळ स्वतःच इथिलीन सोडते. म्हणजे आमच्या आजीची आढी आणि व्यापाऱ्याची धुरी, दोघींनाही नाव न घेता हाच वायू राबत होता.

मग आले कार्बाइड. कॅल्शियम कार्बाइड म्हणजे वेल्डिंगवाल्याकडचा राखाडी खडा. पूर्वी जत्रेत त्याचे दिवे जळायचे. ओलावा लागला की त्यातून ॲसिटिलीन निघतो आणि तो इथिलीनची दुबळी नक्कल करतो. कागदाच्या पुड्या बांधून फळांत ठेवल्या की साल पिवळी होते. खर्च नगण्य, मेहनत शून्य. पण बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असते, त्यांचे विषारी वायू निघतात. ते फळाला लागतात, आणि त्याआधी पुड्या हाताळणाऱ्या मजुराच्या हाताला आणि छातीला लागतात. त्या मजुराचा विचार आपण क्वचितच करतो. भारतात कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. ती आधी अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत होती, आता 2011च्या अन्नसुरक्षा विनियमांत आहे. इथिलीन वायूला मात्र परवानगी आहे, हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत.

आता कोणी म्हणेल, सर, यात तत्त्वज्ञान कुठे आले? लबाडी ती लबाडी. थांबा, खरा पेच पुढेच आहे.

आपण जी केळी खातो, जुनी बसराई काय किंवा 1990च्या दशकात ऊतिसंवर्धनाने आलेली ग्रँड नैन काय, ती कॅव्हेंडिश कुळातली. या कुळाचा एक स्वभाव आहे. हवेचे तापमान साधारण 24 अंशांच्या वर असले की फळ आतून पिकते, गोड होते, मऊ होते, पण सालीतला हिरवेपणा पुरता जात नाही. आता सांगा, खानदेशात मार्च ते जून 24 अंश कुठे शोधायचे? जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा 40च्या वर. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात मोकळ्या हवेत पिकलेले केळे हिरवटच दिसणार. ते खरे पिकलेले आहे, पण गिऱ्हाईक म्हणते, कच्चे आहे. आणि दुकानातले लख्ख पिवळे केळे 16 ते 18 अंशांच्या थंड रायपनिंग चेंबरमधून आलेले असते. त्यात वाईट काही नाही, पण तो पिवळेपणा आपल्या हवेचा नव्हे, यंत्राने आणलेल्या थंडीचा आहे. म्हणजे पिवळे ते पिकले हे समीकरणच मुळात अर्धवट आहे, आणि त्या अर्धवट समीकरणावर आपण रोज पैसे मोजतो.

आमच्या शास्त्रात हे फार पूर्वी कोणीतरी पाहून ठेवले आहे. अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह हा न्यायवैशेषिकाचा पहिला पाठ. त्यात पाकज गुणांची चर्चा आहे. उष्णतेच्या संयोगाने वस्तूचे रूप, रस, गंध, स्पर्श बदलतात, त्याला पाक म्हणतात. कच्चे मडके भाजले की लाल होते, हे नेहमीचे उदाहरण. मडके अख्खे बदलते की अणू अणू सुटा होऊन बदलतो, यावर नैयायिक आणि वैशेषिक यांचा मोठा वाद आहे. तो आज सोडून देऊ. तर्कसंग्रहावर गोवर्धनाची न्यायबोधिनी नावाची टीका आहे, तिच्यात मडके बाजूला ठेवून आंबा घेतला आहे. टीकाकार म्हणतो, गवताच्या ढिगात ठेवलेला आंबा उबेने हिरव्याचा पिवळा होतो, पण चाखला तर पूर्वीसारखाच आंबट. आणि कधी याच्या उलट, रंग हिरवाच राहतो पण आंबटपणा जाऊन गोडी येते. यावरून त्याचा निष्कर्ष असा की रंग बदलणारा पाक वेगळा आणि रस बदलणारा पाक वेगळा.

बघा, पहिला आंबा म्हणजे कार्बाइडचा आंबा. दुसरा म्हणजे उन्हाळ्यातले आपले हिरवट गोड केळे. टीकाकाराला इथिलीन ठाऊक नव्हता, पण त्याने आढी उघडून, आंबा चाखून मगच सिद्धांत मांडला. अमळनेरला 1916मध्ये प्रतापशेठांच्या दातृत्वातून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे विचारवंत तिथे राहून गेले. त्या अमळनेरपासून केळीच्या बागा काही फार लांब नाहीत. तत्त्वज्ञान आणि बाजार यांच्यातले अंतरही आपण समजतो तेवढे नाही.

नैयायिक अनुमानाच्या बाबतीत एक शब्द वापरतात, उपाधी. धूर दिसला तर अग्नी आहे म्हणता येते. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, इंधन ओले असले तरच. ही जी लपलेली अट, ती उपाधी. पिवळे म्हणून पिकलेले, या आपल्या अनुमानातही अशी अट लपलेली आहे. फळ पुरते भरलेले असावे, पिकायला दिवस मिळालेले असावेत. ती अट व्यापाऱ्याला ठाऊक असते, आपल्याला नसते. फसवणूक उभी राहते ती या फरकावर.

मिरचीत हेच अधिक उघडपणे दिसते. नंदुरबार 1 जुलै 1998पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. तिथल्या पथारींवर मैलभर लाल मिरची वाळत पडलेली असते. मिरचीचा लाल रंग उजेडाने, हवेने, दिवस गेल्याने फिकट होतो, म्हणजे रंग हा तिच्या वयाचा दाखला. तो दाखला खोटा करायला कुठेकुठे सुदान नावाचा रंग वापरला गेला, जो मेण, तेल आणि बुटांच्या पॉलिशसाठी बनलेला आहे. 2003मध्ये फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात तो सापडला आणि युरोपने प्रत्येक खेपेला तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. 2005मध्ये ब्रिटनला या एका रंगापायी 400हून अधिक खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. भेसळ करणारा कोण कुठला, तपासणीचा भुर्दंड मात्र प्रामाणिक माल पाठवणाऱ्यालाही बसला. खोट्या साक्षीदारामुळे खऱ्या साक्षीदारावरचा विश्वास उडतो, तसेच हे.

आता या सगळ्याचे सार. सिगारचे पान, केळ्याची साल, मिरचीची पूड, तिन्हीकडे रंग ही काळाची साक्ष आहे. बाजार काळाचे पैसे देत नाही, साक्षीचे देतो. मग साक्ष विकत मिळू लागते. कायदा हवाच, तपासणीही हवी. पण जोवर गिऱ्हाईक आखाजीच्या पंधरा दिवस आधी पिवळा आंबा मागणार आणि मे महिन्यात हिरवट केळे नाकारणार, तोवर कार्बाइडची पुडी कुठल्यातरी खोलीत बांधली जाणारच. ती पुडी बांधणाऱ्या हाताला आपल्या डोळ्याची मागणी हलवते.

तेव्हा या उन्हाळ्यात एक करून बघा. गाडीवर हिरवट पण दाबले तर मऊ लागणारे केळे दिसले तर घ्या आणि चाखा. गोड लागले तर गाडीवाल्याला तसे सांगा, म्हणजे पुढच्या वेळी तो तसेच केळे ठेवायला घाबरणार नाही. न्यायबोधिनीकाराने जे आंब्याबाबत केले, तेवढेच आपल्याला करायचे आहे. निर्णय द्यायच्या आधी चव घ्यायची आहे.