मायेनफेल्डर खिंडीतील तीन प्रवासी

शेरलॉक होम्सचा जनक म्हणून आर्थर कॉनन डॉइल यांचे नाव आपल्या सुशिक्षित घरांतून लहानथोरांस ठाऊक आहे. परंतु स्वित्झर्लंडमध्ये त्यांच्या खात्यावर आणखी एक गोष्ट जमा आहे. पायांस लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याची नॉर्वेकरांची विद्या त्यांनीच आल्प्स पर्वतात आणली, अशी समजूत इंग्रजी वाचकांत पुष्कळ वर्षे रूढ होती. ती कितपत खरी आहे हे पाहू लागले म्हणजे, ‘पहिला’ हे विशेषण इतिहासात कोणास मिळते व कोणाचे हुकते, याचा एक चांगला मासला हाती लागतो.

1893 साली डॉइल यांच्या पत्नी लुईझ यांस क्षय जडल्याचे निष्पन्न झाले, आणि त्या काही महिन्यांच्याच सोबती आहेत असे वैद्यांनी सांगितले. आपल्याकडे क्षयी रोग्यांस पाचगणीस नेत, त्याप्रमाणे युरोपातील सधन कुटुंबे आपला रोगी दाव्होसच्या कोरड्या, थंड हवेत नेऊन ठेवीत. तो हिवाळा डॉइल यांनी तेथेच काढला. धिप्पाड, खेळाचा शौकी पुरुष, आणि भोवती सर्वत्र रोग्यांची वस्ती! अशा माणसाचे लक्ष डोंगराकडे गेले तर त्यात नवल नाही.

त्या गावात टोबियास व योहानेस ब्रांगर हे दोघे बंधू राहत. हे कोणी साहित्यिक नव्हेत. टोबियास हा एक दुकानदार. नान्सेन याने 1888 साली स्कीच्या साह्याने ग्रीनलंड ओलांडल्यापासून, आणि विशेषतः 1890 मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून, मध्य युरोपात या साधनाविषयी कुतूहल वाढले होते. ब्रांगर बंधूंनी स्की मिळवून त्यांचा अभ्यास आरंभिला. लोक हसतात म्हणून ते अंधार पडल्यावर सराव करीत, असे सांगतात. 1893 साली ते मायेनफेल्डर फुर्का ही सुमारे 8000 फूट उंचीची खिंड ओलांडून आरोसा गावी पोहोचलेही होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत ग्लारूस प्रांतातील ख्रिस्तोफ इझेलिन याने प्रागेल नावाची दुसरी खिंड स्कीवरून पार केली होती. म्हणजे डॉइल या वाटेस लागण्यापूर्वीच तिच्यावर पाऊलखुणा उमटलेल्या होत्या.

1894 च्या 23 मार्च रोजी, म्हणजे वसंतसंपात होऊन दोन-तीन दिवस लोटले असता, हे तिघे पहाटे चारच्या सुमारास निघाले. एवढ्या लवकर निघण्यास कारण होते. वसंतात दिवसा उन्हाने बर्फाचा वरचा थर विरघळतो, रात्री तो पुन्हा गोठून टणक होतो. पहाटे त्यावर भार ठेवता येतो, पण दुपारी तोच थर मऊ होऊन पाय रुततात आणि हिमकडे कोसळण्याचे भय वाढते. पायांस आठ फूट लांब व चार इंच रुंद अशा पट्ट्या बांधून चढ चढणे म्हणजे नागमोडी वळणे घेत रखडत जाणे होय. सुख काय ते उतारावर. पण येथील एक उतार इतका तीव्र होता की, स्की एकत्र बांधून, त्यांवर बसून घसरावे लागले. डॉइल यांचे वाहन त्यांच्या हातून निसटले, आणि उरलेला उतार त्यांनी आपल्या जाड लोकरी विजारीवरच उतरला! ते कापड कधीच झिजत नाही ही आपल्या शिंप्याची ग्वाही या प्रयोगात टिकली नाही, असे त्यांनी मोठ्या मौजेने लिहिले आहे. दुपार होण्यापूर्वीच मंडळी आरोसास पोहोचली. आगगाडीने खाली खूरपर्यंत जाऊन पुन्हा घोडागाडीने घाट चढण्याचा केवढा मोठा वळसा वाचला!

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात या सफरीचा वृत्तांत आला, आणि ब्रांगर बंधूंची वाट डॉइल यांची झाली. यात त्यांनी लबाडी केली असे आम्ही म्हणणार नाही. बंधूंची नावे त्यांनी लपविली नाहीत, आणि त्यांची प्रगती आपल्याहून अधिक होती हेही आत्मचरित्रात कबूल केले आहे. मात्र 1924 च्या त्या आत्मचरित्रात कथेचा क्रम बदललेला दिसतो. नान्सेनचे पुस्तक आपण वाचले, आपण टोबियासपाशी गोष्ट काढली, मग नॉर्वेहून स्की मागविल्या, असा तो क्रम आहे. आदल्या वर्षीच्या सफरीस त्यात जागाच उरत नाही. त्या भागात स्की आणणारे आपणच पहिले, असे सांगताना, अथवा निदान त्यांचा व्यवहारात उपयोग दाखविणारे तरी, अशी पुस्ती त्यांनी जोडली आहे. आमच्या मते सत्याच्या अधिक जवळ ती पुस्तीच आहे, आणि तिच्यातही वाटेकरी आहेत. शेकडो इंग्रज लोक केवळ स्कीसाठी स्वित्झर्लंडला येतील हे त्यांचे भाकीत खरे ठरले, आणि ते खरे ठरविण्यास त्यांचा लेखच कारणीभूत झाला, हे श्रेय मात्र त्यांचे कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

लुईझबाई वैद्यांचा अंदाज खोटा पाडून 1906 पर्यंत जगल्या.

आरोसाच्या उपाहारगृहात पाहुण्यांची नोंद करावयाचा कागद पुढे आला, तेव्हा तिघांच्या वतीने तो टोबियासनेच भरला. डॉइल यांच्या नावापुढे ‘व्यवसाय’ या सदरात त्याने ना वैद्य लिहिले, ना ग्रंथकार. आपल्या मोडक्या इंग्रजीत त्याने लिहिले, ‘स्पोर्टेसमान’.