राणीची भाषा आणि राजाचें मौन

ता. २५ जुलै १५५४ रोजीं इंग्लंडांतील विंचेस्टर येथील प्रार्थनामंदिरांत एक राजविवाह झाला. वधू होती इंग्लंडची राणी मेरी ट्यूडर, वय ३८. वर होता स्पेनचा युवराज फिलिप, वय २७. मेरीची आई कॅथराइन ही स्पॅनिश राजकन्या. त्यामुळें ती भाषा मेरीला समजे, पण सफाईनें बोलतां येत नसे. फिलिपला तर इंग्रजी मुळींच येत नव्हती. तो स्पॅनिशमध्यें बोले, ती फ्रेंचमध्यें उत्तर देई. आणि अशा रीतीनें हा संसार सुरू झाला.

फिलिप मंदबुद्धि नव्हता. लॅटिन तो शिकला होता. आई पोर्तुगालची असल्यानें पोर्तुगीजहि त्याला कळे. पण मोकळेपणानें तो बोले ती एकच भाषा, स्पॅनिश. विवाहाला दोन दिवस होतात न होतात तोंच राणीच्या मंत्रिमंडळानें ठरविलें कीं, यापुढें राज्यकारभाराच्या गोष्टींचें टिपण लॅटिनमध्यें किंवा स्पॅनिशमध्यें करावें. राजा इंग्रजी शिकला नाहीं. दरबारानेंच आपले कागद बदलले. सोय झाली खरी, परंतु शिकण्याची गरजहि तिच्याबरोबर संपली.

वास्तविक ती गरज मोठी होती. परकीय राजाच्या धास्तीनें त्याच वर्षाच्या आरंभीं केंट प्रांतांत टॉमस वायट यानें बंड उभारलें होतें. विवाहाच्या करारानेंहि फिलिपचे अधिकार फार मर्यादित केले होते. जेथें हुकूम चालावयाचा नाहीं, तेथें गोड शब्दच चालावयाचा. आणि नेमका तोच त्याच्यापाशीं नव्हता.

याचा धडा त्याच्या घरांतच होता. त्याचा पिता पांचवा चार्ल्स हा घेंट येथें जन्मलेला. १५१७ सालीं तो स्पेनमध्यें राज्य करण्यास आला तेव्हां त्याला तेथील भाषा येत नव्हती. दुसऱ्याच वर्षीं वाय्यादोलीदच्या प्रतिनिधिसभेनें त्याला ती शिकण्याची विनंति केली. चार्ल्स ती शिकला. इतकी कीं, १५३६ सालीं रोममध्यें पोपसमोर त्यानें आपलें गाऱ्हाणें स्पॅनिशमध्यें मांडलें. प्रजेचें म्हणणें पित्यानें ऐकलें. पुत्राच्या बाबतींत मात्र तसें घडलें नाहीं.

१५५५ च्या उन्हाळ्याअखेर फिलिप इंग्लंड सोडून गेला. ता. २५ ऑक्टोबर रोजीं ब्रुसेल्स येथें चार्ल्सनें नेदर्लंड्सचें राज्य त्याच्या स्वाधीन केलें. त्या भरसभेंत फिलिपनें फ्रेंचमध्यें चार शब्द बोलून क्षमा मागितली, आणि त्याचें भाषण ग्रानवेल या धर्माधिकाऱ्यानें केलें. पुढें १५६८ पासून त्या प्रांतांत जो संघर्ष पेटला तो ८० वर्षें चालला. त्याचीं कारणें धर्माचीं होतीं, करांचीं होतीं. केवळ भाषेचीं नव्हतीं. तरीहि ज्या प्रजेशीं राजा स्वमुखानें बोलूं शकत नाहीं, तिचें मन त्याला दुसऱ्याच्या तोंडूनच कळणार.

मेरीकडे फिलिप १५५७ च्या मार्चमध्यें परत आला. तो फ्रान्सविरुद्ध साहाय्य मिळविण्यासाठीं. जुलैमध्यें तो पुन्हां गेला. त्या युद्धांत १५५८ च्या जानेवारींत इंग्रजांचें कॅले गेलें, आणि ता. १७ नोव्हेंबर रोजीं मेरी निवर्तली. तेव्हां पति जवळ नव्हता.

भाषा शिकल्यानें हा विवाह सुखाचा झाला असता असें म्हणवत नाहीं. परंतु जोडीदाराची भाषा शिकणें म्हणजे त्याच्या घरीं राहावयास येणें होय. फिलिप इंग्लंडांत पाहुणा म्हणून आला, आणि पाहुणा म्हणूनच गेला.